पुन्हा पाहता आले पाहिजे

सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि त्यानंतर कित्येक आठवडे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना मला दोन तक्रारी सतत ऐकू येत होत्या. पहिली अशी की, मराठी चित्रपट कितीही चांगला निघाला तरी महाराष्ट्रातच त्याला चित्रपटगृहे आणि सोयीच्या वेळा मिळत नाहीत. दुसरी अशी की, मराठी मालिका पाहाव्यात त्या पूर्वीच्या, आता टीव्हीवर पाहण्यासारखे काहीच उरलेले नाही. दोन्ही तक्रारींमागचा जिव्हाळा खरा आहे, तो मलाही आहे. मात्र अनेक वर्षे फ्रान्समधील ल्यों शहरात राहिल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, या दोन्हींच्या मुळाशी असलेला एक प्रश्न आपण फारसा विचारतच नाही. आपल्या भाषेत एकदा तयार झालेली कलाकृती दहा, वीस किंवा चाळीस वर्षांनी पुन्हा पाहायची असेल, तर ती कोठे मिळते?

'दशावतार' मला आवडला, सर्वच्या सर्व मात्र नाही. उत्तरार्धात कथा सूडाच्या वाटेला लागते, तेव्हा पूर्वार्धात जमून आलेले बारकावे मागे पडतात आणि प्रसंग गरजेपेक्षा लांबतात. तरीही सिंधुदुर्गातील जंगल, रात्रभर चालणारा दशावताराचा खेळ आणि त्या खेळासाठी जगणारा म्हातारा कलावंत यांसाठी हा चित्रपट प्रत्येकाने पाहावा, असेच मी सांगेन. ही भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर यांचा जन्म १९४४चा, म्हणजे प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी वयाची ८१ वर्षे पूर्ण केली होती. चेहऱ्यावर रंग चढत असताना त्या माणसाच्या बसण्यात आणि पाहण्यात होत जाणारा बदल त्यांनी ज्या संयमाने दाखवला आहे, त्यामागे अर्ध्या शतकाची साधना आहे.

ती साधना आज सलग पाहायची म्हटले तर काय हाती लागते? सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची मालिका आली, तीत प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. माझ्या आईच्या पिढीला ती जोडी घरच्या माणसांसारखी आठवते. मला मात्र तिचे तुरळक भाग पाहायला मिळाले, तेही धूसर चित्र आणि खरखरता आवाज सहन करून. त्या काळी चित्रफिती महाग होत्या, जुने पुसून त्याच फितीवर नवे चित्रण करण्याची पद्धत होती, आणि पुष्कळसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असल्याने मुळात नोंदलेच जात नव्हते. याबद्दल तेव्हाच्या तंत्रज्ञांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि अपुऱ्या साधनांत त्या मंडळींनी 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती, आमची माणसं' यांसारखे कार्यक्रम उभे केले, हेच मोठे काम होते. जे वाचले आहे त्याची आज आपण काय व्यवस्था ठेवतो, एवढाच जाब आपल्याला विचारता येईल.

'श्रीयुत गंगाधर टिपरे'ची गोष्ट त्या मानाने सुदैवाची आहे. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१च्या सुमारास 'अल्फा मराठी'वर सुरू झाली आणि तिचे भाग इंटरनेटवर पाहता येतात. मागच्या हिवाळ्यात मी ती पुन्हा पाहायला घेतली. आबा (म्हणजे प्रभावळकरच), शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका यांच्या घरात घडते ते अगदी किरकोळ असते, पण तीन पिढ्या एकमेकांशी ज्या मराठीत बोलतात ती आजही ताजी आहे. कोणीही खलनायक नसताना भाग रंगतो, आणि प्रत्येक पात्राला स्वतःचे असे चुकण्याचे स्वातंत्र्य आहे. त्याच वेळी, लहानपणी कधी न जाणवलेली एक गोष्ट आता डोळ्यांत भरते. त्या प्रेमळ घराचा सारा भार श्यामला वाहते आणि त्याविषयी कोणाला फारसा प्रश्न पडत नाही. काही भागांत अडचण शेवटच्या दोन मिनिटांत फार सहज सुटते. हे लक्षात आल्यामुळे माझे मालिकेवरचे प्रेम कमी झाले नाही, उलट तिच्याविषयी नेमके बोलता येऊ लागले. पूर्वीच्या मालिका चांगल्या होत्या असे आपण म्हणतो तेव्हा त्यांतील कोणती, कशामुळे आणि कोणत्या बाबतीत, हे पुन्हा पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

पाहिल्यावर जी कारणे दिसतात तीही नुसत्या आठवणींत सापडत नाहीत. 'टिपरे' आठवड्यातून एकदा येत असे, आणि त्याआधी दूरदर्शनवर तर १३ भागांची मालिका ही रूढ पद्धतच होती. लेखकाला पुढचा भाग सुचायला, नटाला भूमिका मुरवायला अवधी मिळत असे. दैनंदिन मालिकांचे गणित निराळे आहे. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. इतक्या लांब पल्ल्यावर एका सुरात लिहीत राहणे कोणत्याही भाषेतील लेखकाला अवघडच जाणार. फ्रान्समध्येही वेगळे घडलेले नाही. मार्सेयमध्ये घडणारी 'प्ल्यु बेल ला व्ही' ही दैनंदिन मालिका २००४ ते २०२२ अशी अठरा वर्षे एका सरकारी वाहिनीवर चालली, बंद झाली आणि लोकाग्रहाला मान देऊन जानेवारी २०२४ मध्ये खासगी वाहिनीवर परत आली. माझ्या शेजारणी तिच्यातील ताणलेल्या कथानकांवर कुरकुर करतात आणि रोज न चुकता तीच पाहतात.

परदेशात बसून मराठी मालिकांना नावे ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण निवडून, सवडीने पाहतो. सोलापुरात एकट्या राहणाऱ्या माझ्या मावशीसाठी संध्याकाळी सातला सुरू होणारी मालिका म्हणजे घरात चार माणसांचा वावर असतो. कथानक पटत नाही हे तीही जाणते, मला फोनवर तसे सांगतेही, पण ती वेळ चुकवत नाही. ती सोबत तुच्छ लेखण्याचा अधिकार मला नाही. मावशीला त्याच वेळी निवडीसाठी 'टिपरे', 'प्रपंच' किंवा 'आभाळमाया'ही सहज मिळायला हव्या होत्या, असे मात्र मला मनापासून वाटते.

या बाबतीत फ्रान्सकडून शिकण्यासारखे बरेच आहे. १९७५च्या आरंभी येथे 'इना' ही राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्था स्थापन झाली आणि रेडिओ-टीव्हीचा जुना संग्रह सांभाळणे हे तिचे काम ठरले. १९९२च्या कायद्याने प्रक्षेपित कार्यक्रम या संस्थेकडे जमा होणे बंधनकारक झाले, आणि २००६ मध्ये संग्रहाचा मोठा भाग सर्वांसाठी इंटरनेटवर खुला झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्याच आठवड्यात संस्थेने जुन्या मालिका आणि कार्यक्रमांसाठी स्वतःची पाहण्याची सेवा सुरू केली. योगायोग असा की त्याच महिन्याच्या २८ तारखेपासून आपल्याकडे दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि सारा देश ते पाहायला बसला. जुने कोण पाहणार, या शंकेचे उत्तर दोन्ही देशांत एकाच वेळी मिळाले. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे व्यासपीठ सुरू केले, ते स्वागतार्हच आहे. परंतु व्यासपीठ म्हणजे संग्रह नव्हे, कारण त्यावर काय राहील आणि काय निघेल हे कायद्याने ठरलेले नसते. खासगी वाहिन्यांच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या मालिका तर सर्वस्वी त्या वाहिन्यांच्या मर्जीवर आहेत.

चित्रपटगृहांच्या वादातही मला हाच धागा दिसतो. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट सक्तीचा करण्याचे जाहीर केले, बराच गदारोळ झाला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. नियम असावा, या मताची मी आहे. पण मार्च २०२५ मध्ये मी पुण्यात असताना 'स्थळ' पाहायला गेले, तेव्हा त्या चित्रपटगृहात त्याचा भर दुपारचा एकच खेळ होता आणि माझी नोकरी करणारी बहीण येऊ शकली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील खेड्यात एका मुलीला पुन्हा पुन्हा दाखवले जाण्याची ती गोष्ट, तिकडच्याच बोलीत आणि तिकडच्याच माणसांना घेऊन जयंत सोमलकर यांनी जितक्या निश्चयाने सांगितली आहे, तितकी स्पष्ट गोष्ट मी अलीकडे पाहिलेली नाही. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तिला पुरस्कार मिळाला होता. असा चित्रपट तोंडी शिफारशीने हळूहळू वाढतो, आणि त्याला हवा असतो तो वेळ आपली व्यवस्था देत नाही. फ्रान्समध्ये अमेरिकी असो वा फ्रेंच, प्रत्येक तिकिटावर कर घेतला जातो, त्यातून चित्रपटांना आणि चित्रपटगृहांना साहाय्य मिळते, आणि छोट्या शहरांतील कलाचित्रपटगृहे त्यावर तग धरून आहेत. तेथे एखादा चित्रपट पाचव्या आठवड्यातही सापडतो. दर ऑक्टोबरला ल्योंमध्ये ल्युमिएर बंधूंच्या नावाने महोत्सव भरतो, तेव्हा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, नव्याने दुरुस्त केलेले चित्रपट पाहायला तरुण मुलेही रांगा लावतात. याच ल्युमिएर बंधूंचे चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले आणि भारतात सिनेमा आला. आपला वारसा येथल्यापेक्षा फार उशिराचा नाही.

भारतात प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांत मुंबईचेही एक आहे. तो कायदा १९५४चा आहे. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. मराठी दूरचित्रवाणीसाठी यांपैकी काहीच नाही. राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने मराठी वाहिन्यांशी करार करून निदान प्रत्येक मालिकेचे निवडक भाग, शीर्षकगीते आणि संहिता जमा करून घ्याव्यात, त्यांना इंग्रजी उपशीर्षके द्यावीत आणि विद्यापीठांतून त्या पाहण्याची सोय करावी, एवढी मागणी तरी आपण करू शकतो. आबा टिपऱ्यांना पाहून हसणारी माझी मुलगी मला विचारते की ते तरुणपणी कसे दिसत. तिच्यासमोर चिमणरावाचे भाग मला ओळीने लावता यायला हवेत.