जाडीचा प्रश्न

लग्नाच्या पंगतीत शेजारी डॉक्टर बसला की लोक गुडघा दाखवतात, आर्किटेक्ट बसला की प्लॉट. "तीस बाय चाळीस आहे, जरा नकाशा काढून द्या. घाई नाही, रविवारपर्यंत दिलात तरी चालेल." मठ्ठ्याचा पेला बाजूला सारून कागदी नॅपकिनवर चौकोन काढलाही जातो. त्यात खाली टू बीएचके, वर थ्री बीएचके, दोन गाड्या, देवघर, तुळस आणि झोपाळा. सगळं आरामात बसतं. बसणारच, कारण नॅपकिनवरच्या घरात जिना नसतो आणि भिंतींना जाडी नसते. या दोन वस्तू जागा खातात ही बातमी समाजापर्यंत अजून पोचलेली नाही. आम्हालाही ती उपजत माहीत नसते. पाच वर्षं कॉलेजात जागवून ती आमच्या गळी उतरवली जाते.

बी.आर्क. या आर्किटेक्टच्या डिग्रीची पाच वर्षं म्हणजे दहा सेमिस्टर. "इंजिनिअरिंग चार वर्षांत उरकतं, मग ह्याला पाच कशाला?" हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी काका विचारतात आणि निकालाच्या दिवशीही काकाच विचारतात. पहिल्या वर्षी पोराच्या हातात टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि क्लच पेन्सिल येते, आणि हे आयुष्य रेघा मारण्यात जाणार असल्याचा शोध लागतो. कापलेली भिंत जाड रेघेनं, पलीकडं दिसणारी मध्यम, फरशीची बारीक. ही जाडी चुकली की सर लांबूनच शीट बघून म्हणतात, "फ्लॅट दिसतंय." इंकिंगला, म्हणजे शाईनं रेघा मारायला बसल्यावर ०.१चं पेन हमखास पहाटे तीनला तुंबतं, त्या वेळी उघडं असलेलं स्टेशनरीचं दुकान महाराष्ट्रात नाही. ट्रेसिंग पेपरवर पडलेला शाईचा थेंब ब्लेडनं खरवडून काढता येतो, पण खरवडलेल्या जागी पुन्हा शाई फिरवली तर ती पसरते. म्हणून जाणकार विद्यार्थी तिथं झाड काढतात. सबमिशनच्या साइट प्लॅनवर जिथं विनाकारण झाड दिसेल, तिथं खाली काहीतरी पुरलेलं असतं.

पण जाडीचा खरा धडा मिळतो मॉडेल करताना. स्केल १:१००, म्हणजे खरी नऊ इंची भिंत मॉडेलमध्ये जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. दुकानात मात्र पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा पुठ्ठा शिल्लक असतो. तोच आणला की प्रत्येक भिंत अर्धा मीटर जाड होते: खोल्या टू बीएचकेच्या आणि तटबंदी सिंहगडाची. शहाणं पोरगं तीन मिलिमीटरचा शोधून आणतं, तर कोपरा आडवा येतो. घर समजा आठ बाय दहा सेंटिमीटरचं आहे. समोरची आणि मागची भिंत पूर्ण दहाची कापायची. बाजूच्या दोन मात्र आठच्या नाहीत, सात पूर्णांक चारच्या, कारण त्या पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्ये बसणार, आणि दोन जाड्यांचे सहा मिलिमीटर वजा व्हायला हवेत. रात्री दोनला ही वजाबाकी कुणी करत नाही. चारही भिंती पूर्ण मापाच्या कापून फेविक्विकनं चिकटवल्या जातात, सकाळी वर छप्पर ठेवलं की एका बाजूला सहा मिलिमीटर उघडं. स्केलमध्ये ती साठ सेंटिमीटरची फट. जूरीतले, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांतले, बाहेरून आलेले सर त्या फटीत डोकावून विचारतात, "हा स्कायलाइट का?" विद्यार्थी क्षणभरही न अडखळता म्हणतो, "हो सर, प्रकाश हाच माझा कॉन्सेप्ट आहे."

कापण्याचंही शास्त्र आहे. स्टीलची पट्टी धरून कटर एकदाच जोर लावून ओढला तर खालची कड फाटते. हलक्या हातानं तीन-चार वेळा ओढायचा, आणि पात्याचं टोक बोथट झालं की ते मोडून टाकायचं. काटकसरी मुलं टोक मोडत नाहीत, मग बोथट पातं पट्टीवरून घसरून बोटावर येतं. थर्मोकोलच्या टेकडीवर स्प्रे पेंट मारू नये, ती डोळ्यांदेखत विरघळते. हेही दरवर्षी कुणीतरी नव्यानं शिकतं.

पुढं संगणक येतो आणि रेघांचा त्रास प्लॉटरवाल्याकडं, म्हणजे मोठ्या कागदावर ड्रॉइंग छापणाऱ्याकडं वर्ग होतो. पेनच्या जाडीची फाइल सोबत न्यायची राहिली तर ड्रॉइंग रंगीत छापलं जातं. काळ्या स्क्रीनवर ठसठशीत दिसणारी पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. सबंध इमारतीचे कॉलम पिवळ्या लेयरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या पिवळ्या थरावर असतील तर इमारत आधाराविना उभी राहते. जूरी त्यावर वीस मिनिटं बोलते.

एवढं करून डिग्री मिळते, आर्किटेक्चर कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळतो, आणि मग कायदा कळतो. १९७२च्या कायद्यानं 'आर्किटेक्ट' ही उपाधी नोंदणी केलेल्यांसाठी राखून ठेवली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की संरक्षण उपाधीला आहे, कामाला नाही. म्हणजे घराचं डिझाइन कॉन्ट्रॅक्टरच्या भाच्यानं केलं तरी चालतं, त्यानं फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. भाच्याला त्याचं काही वाटत नाही. तो फीही मागत नाही.

तरी काही माणसं आमच्याकडं येतात. नॅपकिन घेऊनच येतात. तेव्हा पहिलं काम जमिनीचं क्षेत्रफळ ठरवणं. सातबारा एक सांगतो, मोजणीचा नकाशा दुसरं, आणि टेप लावून मोजलं की तिसरंच निघतं. परवानगीच्या अर्जात या तिन्हींतलं सर्वांत कमी धरायचं, असा नियम आहे. मालकाला तो दरोडा वाटतो आणि दरोडेखोर समोरच बसलेला असतो.

हिशेबाला सोपं म्हणून प्लॉट ९ बाय १२ मीटर, म्हणजे १०८ चौरस मीटर धरू. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे. तिच्याप्रमाणे मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१ मिळाला तर ११८.८ चौरस मीटर बांधता येतं, वर पैसे भरून निवासी बांधकामाला साठ टक्के पूरक एफएसआय. ऐकून मालक खूश. मग समासातली, म्हणजे प्लॉटच्या कडेनं मोकळी ठेवायची जागा सोडावी लागते. समोर तीन मीटर आणि बाकी तीन बाजूंना दीड-दीड सोडलं, तर हातात उरतं ६ बाय ७.५, म्हणजे मजल्याला ४५ चौरस मीटर. आता त्या नॅपकिनवर नसलेल्या भिंती काढू. बाहेरून नऊ इंची वीटकाम केलं तर नुसत्या बाहेरच्या भिंती सहा चौरस मीटर खातात. राष्ट्रीय इमारत संहितेतली किमान मापं धरली तर तेवढ्यात दोन संडास-बाथरूम बसले असते. सहा इंची ब्लॉक घेतला तर दोन चौरस मीटर परत मिळतात, पण आजोबा भिंतीवर बुक्की मारून बघतात आणि नापसंतीची मान हलवतात. घर नऊ इंचीच ठरतं. राहिले ३९.

मग जिना. तीन मीटरच्या मजल्याला साधारण १६७ मिलिमीटरचे अठरा राइझर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या उंच्या. जिन्याच्या दोन पट्ट्यांत नऊ-नऊ. एका पट्टीत आठ ट्रेड, पाय ठेवायच्या आडव्या जागा, २५०चे, म्हणजे दोन मीटर. वर-खाली एकेक मीटरचं लँडिंग. लांबी चार, रुंदी दोन पट्ट्या आणि मधली फट धरून २.१. एकूण ८.४ चौरस मीटर. खाली दोन गाड्या उभ्या करायच्या तर अडीच बाय पाचच्या दोन जागांना पंचवीस. उरले साडेपाच, त्यात खालचा टू बीएचके. "जिना जरा छोटा नाही का होत?" होतो. पण मग त्यावरून कपाट चढत नाही, आणि कपाट दोरीनं बाल्कनीतून वर ओढताना आमची आठवण काढली जाते.

वास्तूबद्दल फार लिहीत नाही, कारण घरात शांतता हवी. एवढंच सांगतो, की नैर्ऋत्येला मास्टर बेडरूम घेतली की दुपारचं पश्चिमेचं ऊन आणि पावसाळ्यातला झोडपा दोन्ही तिच्याच वाट्याला येतात. त्याला खोल छज्जा हवा. छज्जा दिला की "अंधार होतो".

परवानगीचं ड्रॉइंग ही वेगळी साधना. प्रस्तावित काम लाल, पाडायचं ते पिवळं, ड्रेनेज तुटक लाल. आता सगळं ऑनलाइन आहे, म्हणजे पूर्वी साहेब न बोलता फाइल बाजूला ठेवायचे, आता सॉफ्टवेअर ठेवतं. प्रत्येक खोली, मजला आणि समास ठरवून दिलेल्या नावाच्या लेयरवर, बंद पॉलिलाइनमध्ये, म्हणजे टोकं जुळलेल्या सलग रेघेत काढावा लागतो. ती रेघ कुठंतरी केसाएवढी उघडी राहिली तर डोळ्यांना बेडरूम दिसते, सॉफ्टवेअरला दिसत नाही. ते लिहितं: घरात बेडरूम नाही. झूम करत करत ती फट शोधायची, बंद करायची, पुन्हा चढवायचं. मग ते लिहितं: घरात जिना नाही. इथं मात्र सॉफ्टवेअर आणि मालक यांचं एकमत होतं.

साइटवर लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर घर आखायच्या दिवशी नारळ फुटतो आणि मिस्त्री गुण्या लावून काटकोन काढतो. कर्ण मोजायचा आग्रह धरावा. ६ बाय ७.५च्या चौकटीचे दोन्ही कर्ण ९.६०५ मीटर यायला हवेत. एकात इंचभर फरक असला तर मिस्त्री म्हणतो, "साहेब, प्लास्टरमध्ये निघंल." प्लास्टरमध्ये ते निघत नाही, फरशीत निघतं. शेवटची टाइल एका टोकाला तीन इंच आणि दुसऱ्या टोकाला दोन इंच कापावी लागते, आणि ती नेमकी दारासमोर येते.

सगळ्यात अपमान जिना करतो. काँक्रीट ओतताना अठराही राइझर सारखे आले तर काम चोख, असं कुणालाही वाटेल. पण फरशी बसायची असते. खोलीत मसाला धरून फरशीची जाडी ७५ मिलिमीटर, पायरीवर ग्रॅनाइट मसाल्यासकट ४०. खालच्या मजल्याची फरशी ७५नं वर आली आणि पहिली पायरी ४०नंच, त्यामुळे पहिला राइझर १६७चा १३२ होतो. वरच्या टोकाला उलटं. तिथं शेवटचा राइझर २०२ होतो. मधले सगळे १६७. पाय दोन-तीन पायऱ्यांत उंची पाठ करतो आणि शेवटच्या पायरीला ठेचकाळतो. यावर उपाय सोपा आहे: काँक्रीटमध्ये पहिला राइझर मुद्दाम २०२चा आणि शेवटचा १३२चा ओतायचा, फरशी बसली की सगळे एक होतात. ड्रॉइंगमध्ये तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मिस्त्री ते वाचतो, साहेबांच्या पोरीनं टाइप करताना घोळ घातला असणार असं समजून आपल्या पदरचं शहाणपण वापरतो आणि अठराही सारखे करून ठेवतो. वर फोनवर सांगतोही, "तुमची चूक सुधारून घेतली, साहेब."

स्विचबोर्ड दारामागं का जातो, हेही सांगून टाकतो. इलेक्ट्रिकचं ड्रॉइंग आधी गेलेलं असतं, दार नंतर उजवीकडचं डावीकडं होतं, आणि भिंतीत पाइप टाकणाऱ्याच्या हातात जुनी प्रिंट असते. नवी प्रिंट सिमेंटच्या गोणीवर पसरून तिच्यावर भेळ खाल्लेली असते.

शेवटी भोगवटा प्रमाणपत्र येतं, वास्तुशांत होते, आणि आमची ड्युटी संपते. बाल्कनीचा स्लॅब हॉलपेक्षा पन्नास मिलिमीटर खाली ओतलेला असतो, फरशीला शंभरास एक उतार असतो, कोपऱ्यात जाळी असते. दिवाळीत बाल्कनीला अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसते. उन्हाळ्यात कुणीतरी सुचवतं, की बाल्कनी हॉलमध्ये घेऊन एक लेव्हल केली तर हॉल मोठा दिसेल. जुन्या टाइलवर भर घालून वर नवी टाइल बसते, आणि या सगळ्या जाडीखाली ती जाळी जाते. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं असतात, ती फॅब्रिकेटरनं सिलिकॉननं बुजवलेली असतात, मुंग्या येतात म्हणून. जुलैत पहिला आडवा पाऊस आला की पाणी सोफ्यापर्यंत पोचतं. फॅब्रिकेटरला बोलावलं जातं. तो गुडघ्यावर बसून, टॉर्च मारून, सगळे कोपरे बघून निदान करतो, "पाणी जायला जागाच ठेवली नाही तुमच्या आर्किटेक्टनं." आणि त्याच संध्याकाळी आम्हाला निरोप येतो: फोन करा, अर्जंट आहे, आणि येताना तो जुना नकाशा घेऊन या.