‘एसीत बसून’ या दोन शब्दांबद्दल

‘गादा मासा चावला तर काय कराल?’ या माझ्या लेखाखाली वर्सोव्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. त्या लेखात सील या समुद्री प्राण्याचा चावा आणि त्यावरची औषधंही आली होती. ती अशी: “एसीत बसून गूगल वाचून लिहिलेला लेख. मुंबईत सील आहेत कुठे? आमच्या बापजाद्यांनी जाळ्यातले गादे हाताने सोडवले, कुणाला काही झालं नाही. लागलंच तर हळद दाबायची. आणि औषधांची नावं छापून लोकांना केमिस्टकडे पळवू नका.”

आधी माझी चूक. गादा म्हणजे डॉल्फिन, आणि तो मासा नव्हे, सस्तन प्राणी. शीर्षकात ‘मासा’ लिहायला नको होतं. आपल्या नजरेतून हे सुटलं, तरी मी आपणहून कबूल करतो.

आता ‘एसीत बसून’. आमच्या परळच्या दोन खोल्यांत एक पंखा आहे. त्याचा रेग्युलेटर गेलाय, त्यामुळे तो पाचवर फिरतो नाहीतर बंद असतो. मी बावीस वर्षं मालवाहू बोटींवर फिटर होतो. मे महिन्यात इंजिनरूममध्ये उभं राहून बघा, मग एसीबद्दल बोलू.

१९९८ साली आमची बोट केपटाउनला लागली होती. तिथे धक्क्याला लटकवलेल्या टायरांवर सील लोळत पडलेले असतात, गल्लीतल्या कुत्र्यांसारखे. मी एकाला मासळीचा तुकडा दाखवला. शहाणपणा माझाच, नाही कुठे म्हणतोय? त्याने तुकड्याबरोबर उजव्या हाताचं मधलं बोटही घेतलं. जखम एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी दोन भोकं. रक्त थांबलं, मी कामाला लागलो. पाचव्या दिवशी बोट वांग्यासारखं सुजलं आणि सांधा असा ठणकायला लागला की पाना धरवेना. सेकंड ऑफिसरने पेटीतलं अ‍ॅमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध, दिलं, उपयोग शून्य. मुंबईत उतरल्यावर एका मोठ्या हॉस्पिटलात दोन आठवडे त्याच जातीची इंजेक्शनं चालली. कुणी चावलं, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

याला ‘सील फिंगर’ म्हणतात. सीलची शिकार करणाऱ्या नॉर्वेच्या खलाशांना हा त्रास व्हायचा, कित्येकांची बोटं कापावी लागली. कारण असतं मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू. त्याला पेशीभित्तिकाच नसते, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं नेमकी तिच्यावरच घाव घालतात. म्हणून लागतं टेट्रासायक्लिन. हो, परत नाव घेतलं. माझं बोट वाचलं, पण वाकत नाही. कटिंगचा ग्लास धरला की ते एकटंच ताठ उभं राहतं. बायको म्हणते, साहेबी नखरे. तुम्ही म्हणता, एसी!

मुंबईत सील नाहीत, हे लेखात तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. तिथपर्यंत वाचायला काय जातं? पण बोटींवर जाणारी पोरं इथलीच आहेत. त्यांच्यासाठी एक सांगतो. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सीलमध्ये रेबीज सापडला, म्हणजे आता तिथे सील चावला की बोट सुजायची वाट बघत बसायचं नाही, रेबीजच्या लसीचं त्याच दिवशी विचारायचं. जपानमध्ये तर २०२३ साली फुकुईच्या किनाऱ्यावर डॉल्फिनने पोहणाऱ्याच्या बरगड्या मोडल्या. तो हसरा चेहरा म्हणजे नुसती जबड्याची ठेवण असते.

बापजाद्यांबद्दल मला आदर आहे. पण मासळी साफ करणाऱ्यांच्या बोटांना जांभळट-लाल सूज येते, ती तुमच्या घरात कुणालाच कधी आली नाही? तो जंतू वेगळा, आणि तो पेनिसिलिनला ऐकतो. म्हणूनच कोण चावलं, कुठल्या पाण्यात, हे डॉक्टरने विचारायची वाट न बघता सांगायचं. डॉल्फिनचे दात सुळ्यासारखे टोकदार असतात. भोक वरून बारीक, आत खोल. त्यावर हळद दाबली की घाण आतच कोंडते. हळद कालवणात घाला, माझी हरकत नाही. जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, आणि घाईने टाके घालू द्यायचे नाहीत.

जाळ्यात गादा आला तर तोंडाकडे हात न्यायचा नाही, शेपटीच्या टप्प्यातही उभं राहायचं नाही. जाळं कापायचं आणि फोटो काढून ठेवायचा. संरक्षित प्राणी सोडवताना कापलेल्या जाळ्यासाठी राज्य सरकार २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. किनाऱ्यावर जिवंत सापडला तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन लावायचा, सेल्फी नंतर. खरं तर नंतरही नको.

राहिला केमिस्टचा मुद्दा. त्यावर वाद घालायला आज सवड नाही, दळण आणायला जायचंय.