खुलासा: डिजिटल रिले आले म्हणून प्रोटेक्शनचं काम संपलेलं नाही
‘न्यूमरिकल रिले सगळं स्वतःच ठरवतात, प्रोटेक्शन इंजिनिअरला आता भवितव्य नाही’ हा इलेक्ट्रिकलच्या मुलांमध्ये फिरणारा मेसेज चुकीचा आहे. रिले म्हणजे लाइनमधला बिघाड (फॉल्ट) ओळखून ती तोडायचा (ट्रिप करायचा) आदेश देणारं उपकरण, न्यूमरिकल हा त्याचा डिजिटल प्रकार, आणि या सगळ्या संरक्षणाचं काम म्हणजे प्रोटेक्शन. रिले भरलेल्या सेटिंगप्रमाणेच वागतो, आणि ती सेटिंग माणूसच काढतो. 30 जुलै 2012 ला बीना–ग्वाल्हेर ही 400 केव्हीची लाइन कुठलाही फॉल्ट नसताना, निव्वळ जादा भारामुळे डिस्टन्स रिलेच्या (फॉल्ट किती लांब आहे ते मोजणाऱ्या रिलेच्या) झोन-3 वर, म्हणजे लांबच्या फॉल्टसाठी ठेवलेल्या बॅकअप सेटिंगवर, ट्रिप झाली आणि उत्तरेची अख्खी ग्रिड कोसळली. त्यात आता सौर प्रकल्पांची भर. त्यांचे इन्व्हर्टर (डीसी विजेची एसी करणारी उपकरणं) फॉल्टच्या वेळी जनरेटरच्या मानाने फारच कमी करंट देतात, त्यामुळे सेटिंगची जुनी गणितं तिथे चालत नाहीत. नोकरीच्या जागा मोजक्या असतात हे मात्र खरं, आणि टेस्टिंगसाठी आडवेळी सबस्टेशन गाठायची तयारी हवी.