आदेलिताचा कापलेला फोटो : एका प्रतिक्रियेला उत्तर

मेक्सिकन क्रांतीतल्या (१९१०-२०) बायकांवरच्या माझ्या लेखावर ‘एक जुना वाचक’ यांनी भलीमोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. गोषवारा असा : ज्या देशात क्रांतीत उतरलेल्या बाईवर ‘आदेलिता’सारखी गाणी रचली गेली, जिचं चित्र कॅलेंडरपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे दिसतं, त्या देशाने बायकांना इतिहासातून वगळलं म्हणणं म्हणजे आजच्या मापाने कालचं कापड बेतणं. शिवाय मतदानाची तारीख मी अर्धवट दिली, असाही ठपका आहे.

नमस्कार. आधी ठपक्याचं. तो बरोबर आहे. ‘मेक्सिकोत बायकांना १९५३ साली मताचा हक्क मिळाला’ एवढं लिहून मी मोकळी झाले. पण नगरपालिकांपुरता हक्क १९४७ सालीच आला होता. आणि युकातान राज्यात तर एल्विया कारियो पुएर्तो १९२३ मध्येच राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेल्या होत्या. त्यांचा भाऊ तिथला गव्हर्नर. जानेवारी १९२४ मध्ये बंडखोरांनी त्याला गोळ्या घातल्या आणि बाईंना राज्य सोडावं लागलं. हे लेखात यायला हवं होतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणता तो फोटो माझ्यासमोर आहे. १९१२ सालचा, कासासोला या छायाचित्र-संग्रहातला. आगगाडीच्या डब्याच्या पायरीवर एक बाई उभी आहे, बाहेर झुकून पुढे कुठेतरी बघते आहे. हातात बंदूक नाही; दोन्ही हात डब्याच्या दांड्यांना. छातीवर काडतुसांचे पट्टे नाहीत. ते नंतर कॅलेंडरवाल्यांनी चढवले. आदेलिता हे नावही तिचं नाही, गाण्यातून उचलून तिला चिकटवलेलं आहे. आणि फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, पाहिली (ती एका बाजूला फुटलेली आहे) तर त्या डब्याच्या दारात आणखी बायका दिसतात. छापताना त्या कापल्या जातात. उरते एकटी, देखणी, कुणाची तरी वाट बघणारी. इतिहासातून वगळलं असं मी म्हणते तेव्हा मला ही कात्री अभिप्रेत असते. फोटो आहेच की, तुमचं म्हणणं खरं. पण कापलेला.

गाण्याचंही तसंच. ‘आदेलिता’ हे कोरीदो, म्हणजे साधारण आपल्या पोवाड्याच्या कुळातलं. पण पोवाड्यात वीर काहीतरी करतो तरी! इथे आदेलिता शूर आहे, सुंदर आहे, कर्नलसुद्धा तिला मान देतो, आणि ती दुसऱ्याबरोबर गेली तर आपण जमिनीवरून-समुद्रावरून तिच्या मागे जाऊ असं शिपाई म्हणतो. सगळं गाणं त्याच्या जीवाची घालमेल. ती दिवसभर काय करत होती, ते गाण्यात नाही.

ती काय करत होती? क्रांतीतल्या सैन्यांपाशी नीटसं रसदखातं नव्हतंच. घोडे डब्यांत आणि माणसं टपावर, अशा गाड्या चालत. बायकाही टपावरच, पोरंबाळं आणि मेताते घेऊन. मेताते म्हणजे त्यांचा पाटा. गाडी थांबली की सरपण शोधायचं, मका वाटायचा, तोर्तिया म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या भाजायच्या, जखमा बांधायच्या. काही जणी लढल्याही, हुद्द्यालाही चढल्या. पण बहुतेकींचं काम हे. अशा बायकांना सोल्दादेरा म्हणत. हा शब्दच ‘सोल्दादा’वरून, म्हणजे शिपायाच्या पगारावरून आला. पाट्याचं वजन पाठीवर घेऊन जी चालली तिच्यावर गाणं होत नाही, हे मी समजू शकते. (कुठल्याच देशात होत नाही बहुतेक.) आणि हेही सांगते, कारण तुम्ही क्रांतीतल्या पांचो व्हिया या सेनानीचं नाव मोठ्या कौतुकाने घेतलंत : डिसेंबर १९१६ मध्ये कामार्गो इथे त्याने शत्रूपक्षाच्या डझनावारी सोल्दादेरांना गोळ्या घालायला लावल्या.

‘आजचं माप’ म्हणता, तर कालचंच माप लावू. जानेवारी १९१६ मध्ये युकातानच्या मेरिदा शहरात स्त्रियांची परिषद भरली. सहाशेच्या वर प्रतिनिधी, बहुतेक शिक्षिका. स्त्रीहक्कांसाठी लिहिणाऱ्या एर्मिला गालिंदो यांचा निबंध तिथे वाचला गेला. बाईलाही पुरुषाइतकीच शरीराची इच्छा असते असं त्यात होतं, त्यावरून सभागृहात गदारोळ झाला. गालिंदोंनी मग केरेतारो शहरात नवी राज्यघटना लिहायला बसलेल्या घटना परिषदेकडे मताचा हक्क मागितला. तिथल्या समितीने काय म्हणावं? बायकांना सार्वजनिक कामात भाग घेण्याची गरजच वाटत नाही, तशी सामूहिक चळवळ कुठे दिसत नाही. मेरिदाला जेमतेम वर्ष झालं होतं! गालिंदो १९१७ साली तरीही निवडणुकीला उभ्या राहिल्या. पुढे राष्ट्राध्यक्ष कार्देनासच्या काळात (१९३४-४०) बायकांच्या मताची घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, राज्यांनीही होकार दिला, फक्त शेवटची घोषणा तेवढी केली नाही. बायका पाद्र्यांचं ऐकून मत देतील ही धास्ती. तेव्हा ही मापं त्यांचीच होती, माझी नव्हेत.

साहित्याबद्दल तुम्ही मारियानो आसुएलांच्या ‘लोस दे आबाहो’ या क्रांतीवरच्या कादंबरीचा दाखला दिलात. कादंबरी थोर, वाद नाही. पण तिच्यातल्या दोन ठळक बायका आठवा : एक भडक, भांडखोर ला पिंतादा आणि दुसरी गरीब गाय कामिला. पहिली दुसरीला भोसकते. झालं.

त्याच्याशेजारी नेली काम्पोबेयो या लेखिकेचं क्रांतीवरचं ‘कार्तुचो’ (१९३१) ठेवा. उत्तर मेक्सिकोतल्या पार्राल गावच्या रस्त्यावर राहणारी लहान मुलगी सांगते आहे. खिडकीसमोर तीन रात्री पडून असलेलं प्रेत तिला आपलंसं वाटायला लागतं. ते उचलून नेल्यावर, आता आणखी कुणाला तरी आपल्या घराजवळच मारावं, असं मनात धरून ती झोपते. आसुएलांच्या बायांना असं काही सुचणं शक्य नाही.

त्यातच नाचा सेनिसेरोस आहे, व्हियाच्या फौजेतली कर्नल. तंबूत तिच्या पिस्तुलातून गोळी सुटते आणि दुसऱ्या तंबूत बसलेल्या तिच्या प्रियकराला लागते. व्हिया हुकूम देतो : मारा त्याला. बाई आहे, असं सांगतात. मग तिला मारा. नाचा हातांनी तोंड झाकते, काळ्या वेण्या लोंबत राहतात, गोळ्या सुटतात. १९३१ च्या आवृत्तीत गोष्ट इथे संपते, आणि कोरीदोला अगदी साजेशी संपते.

१९४० च्या आवृत्तीत काम्पोबेयोने पुढे भर घातली, की हे खोटं. नाचा जिवंत होती. व्हियाला बदनाम करायला ही गोष्ट पसरवली, असं लेखिकेचं म्हणणं. त्या बाबतीत ती कट्टर व्हियावाली, तेव्हा तेवढं सांभाळून घ्यायचं. पण नाचाचं जे चित्र तिने मागे ठेवलं ते बघा. ती शिंगरं वठणीवर आणायची. एखाद्या बड्या सेनानीशी लग्न करून नाव कमावता आलं असतं. ते न करता ती आपल्या पडक्या घरी परतली, भिंती पुन्हा उभारायला लागली आणि ज्या भोकांतून बंदुका चालवल्या होत्या ती बुजवत बसली.

मूळ लेखातला १९५३ चा परिच्छेद आज दुरुस्त केला आहे. मालिंचेबद्दलचा (स्पॅनिश विजेता कोर्तेसची मूळनिवासी दुभाषी) तुमचा आक्षेप वेगळा आहे, तो इथे कोंबत नाही.