हजारो लोक खोटं लिहितात काय? निपाणीच्या वाचकांना उत्तर

सर, नमस्कार.

स्वस्तातल्या मोठ्या मॉनिटरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. दिवसभर अक्षरांचं काम असेल तर २७ किंवा ३२ इंची फुल एचडी मॉनिटर ऑनलाइन मतांचे नुसते तारे मोजून घेऊ नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारता, हजारो लोकांनी चार-पाच तारे दिलेत, ते सगळे खोटं लिहितात काय? तुमचा पुतण्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ड्रॉइंगचं काम करतो, त्यानं ३२ इंची घेतला आणि तो खूश आहे. जीएसटी उतरल्यामुळे आता कुठं गरिबाच्या हाताला मोठा पडदा लागतोय, तर मी लोकांना घाबरवतोय. आणि ‘दुकानात जाऊन बघा’ म्हणणं ही बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानदारांची वकिली आहे.

पुतण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचं मत शंभर टक्के खरं आहे. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर बसणारा माणूस काळ्या पडद्यावरच्या रेघा बघतो. एखादं माप बारीक दिसलं की माउसचं चाक फिरवतो आणि तेवढा भाग मोठा करतो. त्याला अंगभर पसरलेला पडदा हवा असतो, पडद्यावरचे ठिपके (पिक्सेल) किती दाट आहेत यानं त्याचं काम अडत नाही. त्यानं पाच तारे दिले असतील तर ते त्याच्या कामाला दिलेले प्रामाणिक तारे आहेत. तसंच रात्री पलंगावरून सहा फुटांवर सिनेमा बघणाऱ्याचं. तोही खरंच लिहितो.

माझं पोट मात्र डीटीपीवर, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्यावर आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, पंचायतीत द्यायचे अर्ज. आपल्या भागात हे काम एका लिपीत भागत नाही. सकाळी मराठीत पत्रिका लावायची आणि दुपारी कन्नड उताऱ्यावरची नावं, सर्व्हे नंबर बघून अर्ज भरायचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठल्याही टायपिंगच्या दुकानात डोकावलंत तर हेच दिसेल. त्या माणसाला कुठला पडदा चालेल, हे त्या हजारो मतांमध्ये मला कुठं सापडलं नाही. लेख लिहायचं कारण तेच होतं.

आता जरा जवळून बघू. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. पडदा २४ इंची असो की ३२ इंची, ठिपके तेवढेच राहतात, फक्त एकेक ठिपका मोठा होतो. २४ इंचीवर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२ आणि ३२ इंचीवर जेमतेम ६९. विंडोजमधलं दाखवण्याचं माप (स्केल) शंभर टक्क्यांवर असताना ११ पॉइंटचं अक्षर सुमारे पंधरा ठिपक्यांच्या उंचीत काढलं जातं. इंग्रजी अक्षराला तेवढी उंची पुष्कळ झाली. ‘स्वातंत्र्यसैनिकांच्या’ हा शब्द तेवढ्यात बसवून बघा. शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी आणि अनुस्वार, खाली त्र्य आणि च्या. अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरा ठिपका येतो आणि तो शिरोरेघेला चिकटतो. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यात जी बारीक फट किंवा रेघ असते, ती करड्या रंगात विरघळते.

कन्नडचं तर आणखी नाजूक. तिथं द आणि ध, प आणि फ, ब आणि भ यांच्यात अक्षराच्या पोटाखालची एक छोटी उभी चीर एवढाच फरक असतो. ३२ इंची फुल एचडीवर ती चीर आहे की नाही हे बघायला मान पुढं काढावी लागते. उताऱ्यावरचं नाव एका अक्षरानं चुकलं तर त्या शेतकऱ्याला पुन्हा तहसीलदार कचेरीच्या पायऱ्या चढायला लागतात. ही भीती मी पसरवत नाही. हे टायपिंगवाल्यांचं रोजचं काम आहे आणि त्यात चुकीला जागा नाही.

अंतराचाही हिशेब आहे. साधारण चांगल्या नजरेला ३२ इंची फुल एचडीचे ठिपके वेगळे दिसायचे थांबतात ते सव्वा मीटरच्या पुढं. २७ इंचीला मीटरभर लागतो. टेबलाशी बसलेल्या माणसाचं डोकं पडद्यापासून दोन-अडीच फुटांवर असतं. म्हणजे एकाच वस्तूबद्दल ‘चकाचक दिसतं’ आणि ‘अक्षरं फाटतात’ ही दोन्ही मतं खरी असू शकतात, दोघांच्या खुर्च्या वेगळ्या आहेत इतकंच.

मग सगळ्यांच्या ताऱ्यांची सरासरी काढून आपल्या हाती काय लागतं? फार थोडं. शिवाय ती सरासरी नेमकी कशाची, हेही बघायला हवं. बऱ्याच ऑनलाइन दुकानांत एका मालिकेतले २२, २४, २७ आणि ३२ इंची मॉनिटर एकाच पानावर असतात आणि त्यांच्याखालची मतंही एकत्र दाखवली जातात. तुम्ही ३२ इंचीचं बटण दाबून वाचत असता आणि समोरचं कौतुक २२ इंचीचं असतं. प्रत्येक मताखाली बारीक अक्षरात माप लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये. आपल्या मापाची तेवढी मतं वेगळी काढली की हजारांचा आकडा कुठल्या कुठं खाली येतो.

दुसरं, मत कधी लिहिलंय ते. खोकं घरात आलं की फोनवर निरोप येतो, तारे द्या. माणूस नव्या वस्तूच्या आनंदात असतो, तो पाच देतो. कित्येक वस्तूंच्या खोक्यांत तर चिठ्ठीच असते की पाच तारे देऊन फोटो पाठवा, भेट मिळेल. उलट एक तारा देणाऱ्यांपैकी पुष्कळ जण खोकं फाटलेलं आलं, कुरिअरवाला गावात आलाच नाही, म्हणून रागावलेले असतात. त्यात मॉनिटरचा दोष काही नसतो. म्हणून मी तीन तारेवाल्यांकडं आधी जातो. तो माणूस वस्तू वापरतोय, त्याला काही आवडलंय, काही खटकलंय आणि तो कारण सांगतो. ‘स्टँड डुगडुगतो, उंची कमी-जास्त होत नाही, बाकी ठीक.’ ‘पडद्याचे कोपरे अंधारात उजळ दिसतात.’ ‘पावसाळ्यानंतर उभी रेघ आली.’ अशा एका ओळीतून जे कळतं ते शंभर ‘पैसा वसूल’मधून कळत नाही.

‘अक्षरं फिकट, धूसर’ अशी तक्रार दिसली तर तिथंही थोडं थांबावं. जुन्या संगणकाला व्हीजीए केबलनं नवा पडदा जोडला की अक्षरं हमखास मऊ पडतात, कारण त्या केबलमधून येणारा संदेश अॅनालॉग असतो. एचडीएमआय लावलं की निम्मी तक्रार तिथंच मिटते. ३२ इंची टीव्हीच मॉनिटर म्हणून लावणाऱ्यांचीही मतं अशीच वाचायला मिळतात. त्यातले स्वस्त टीव्ही १३६६ बाय ७६८ चे असतात, म्हणजे इंचाला ४९ ठिपके. त्यावर टायपिंग करू नये, एवढंच सांगतो.

खोट्या मतांबद्दल तुम्ही थेट विचारलंत म्हणून सांगतो. सगळे खोटं लिहितात असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण खोटी मतं लिहिली जातात, म्हणून तर सरकारला त्यात लक्ष घालावं लागलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालावर मत लिहायला बंदी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन मतांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं. ते ऐच्छिक म्हणून आलं, सक्तीचं नव्हतं. मतापुढं ‘खरेदी केल्याची खात्री’ असा शिक्का असला, तरी त्यातून पैसे भरल्याचं कळतं. मत मनापासून आहे की भेटीसाठी, ते कळत नाही.

जीएसटीचं मात्र स्पष्ट करायलाच हवं, कारण या गैरसमजावर सध्या पुष्कळ विक्री चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांचा कर १८ वर आला तो ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा. ३२ इंच आणि त्याखालचे मॉनिटर जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. तेव्हा २७ इंचीवर कुणी ‘जीएसटी कपातीची खास किंमत’ असा फलक लावला असेल, तर ती सूट दुकानदाराची किंवा कंपनीची आहे, कराची नाही. घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण दोन महिन्यांपूर्वीचा भाव बघून घ्या.

दुकानदारांची वकिली म्हणालात ते मनाला लागलं. दुकानात जाऊन बघा म्हटलं, तिथंच विकत घ्या असं नाही म्हटलं. सोबत पेनड्राइव्हवर आपली रोजची फाइल न्या, एक मराठी आणि एक कन्नड. दुकानात मॉनिटरवर सहसा रंगीत व्हिडिओ फिरत असतो, त्यात कुठलाही पडदा देखणाच दिसतो. तो बंद करायला सांगा, आपली फाइल शंभर टक्क्यांवर उघडा, खुर्ची ओढून नेहमीच्या अंतरावर बसा आणि एक पान पूर्ण वाचा. पाच-दहा मिनिटांत डोळे स्वतःच सांगतात. हे करू न देणाऱ्या दुकानातून उठून यावं, मग ते गणपत गल्लीतलं असो की कुठलंही.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर दिला आणि जिला तुम्ही हातच लावला नाहीत, ती म्हणजे नंतरची सेवा. बेंगळुरू-पुण्यातला ग्राहक ‘दुसऱ्या दिवशी माणूस घरी आला’ असं लिहितो, ते त्याच्या पिनकोडसाठी खरं असतं. आपल्याकडं खानापूरच्या आतल्या एखाद्या गावात तोच माणूस येतोच असं नाही. माझ्या ओळखीच्या एका टायपिंगवाल्याला वॉरंटीत असताना सांगण्यात आलं की तुमच्या भागात घरपोच सेवा नाही, केंद्रावर आणून द्या. २७ इंचाचा उघडा पडदा वडापच्या भरलेल्या जीपमध्ये मांडीवर घेऊन जायचा म्हणजे जीव टांगणीला. म्हणून घेण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्रांच्या यादीत आपला पिनकोड घालून बघावा आणि खोकं थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवावं. तुम्हा निपाणीकरांना कोल्हापूर जवळ आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. तेव्हा कोल्हापूरच्या केंद्रात कर्नाटकातलं बिल चालतं का, हे फोन करून आधीच विचारून घ्या.

वीज सारखी कमी-जास्त होणाऱ्या गावात मी अॅडॅप्टर बाहेर असलेला मॉनिटर पसंत करतो. अॅडॅप्टर गेला तर नवा आणता येतो, आतला पॉवर सप्लाय गेला तर सगळा पडदा उघडावा लागतो. पार्सल आल्यावर फोनवर चित्रण चालू ठेवून खोकं उघडावं आणि त्याच दिवशी पूर्ण काळा, पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून बघावेत. एखादा ठिपका मेलेला असेल तर परतीच्या मुदतीत बोलता येतं. मुदत संपली की कंपन्या आपल्या नियमावर बोट ठेवतात, आणि त्यात दोन-चार मेलेले ठिपके बऱ्याचदा दोषात धरत नाहीत.

इतकं करूनही कुणी दाद दिली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढं जिल्हा आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार घेतली जाते, दुकान कोल्हापूरचं असो की विक्रेता दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सीमेवर राहणाऱ्यांना ‘तुम्ही दुसऱ्या राज्यातले’ म्हणून कुणी परतवून लावलं, तर ही गोष्ट ठामपणे सांगा.

तर गरिबानं काय घ्यावं? टायपिंग, डीटीपी, हिशेब असेल तर २४ इंची फुल एचडी आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग न बदलणारा पडदा). त्यात पैसे वाचतात आणि अक्षर स्वच्छ राहतं. थोडे जास्त घालता येत असतील तर २७ इंची, पण २५६० बाय १४४० चा. त्यात इंचाला १०९ ठिपके आहेत आणि अहवालाची दोन पानं शेजारी-शेजारी मावतात. २७ इंची फुल एचडीत २४ पेक्षा एक ओळसुद्धा जास्त मावत नाही, सगळं साधारण आठव्या हिश्शानं मोठं दिसतं एवढंच.

आणि नेमकं तेच तुमच्या कामाचं असू शकेल. तुम्ही लिहिलंत की निवृत्तीनंतर रोज संगणकावर वर्तमानपत्रं वाचता आणि चष्मा असूनही अक्षर लहान वाटतं. तुम्हाला पडद्यावर जास्त ओळी मावून काय करायचंय, तुम्हाला अक्षर मोठं हवंय. तुम्ही २७ इंची फुल एचडी जरूर घ्या, टेबल जरा खोल बघा आणि तीन फुटांवर ठेवा. दहा हजारांच्या आसपास काम होईल. ३२ इंची मात्र आधी पुतण्याकडं जाऊन, तुमचं वर्तमानपत्र त्याच्या पडद्यावर उघडून, तासभर वाचल्याशिवाय ठरवू नका.

पुतण्याच्या मॉनिटरचं मॉडेल, शेवटच्या अक्षरांसकट, खाली कळवाल का? त्यानं कधी घेतला, कुठल्या केबलनं जोडलाय आणि उद्यमबागेतल्या विजेवर तो कसा टिकलाय, हेही. ड्रॉइंगवाल्यांसाठी वेगळा लेख लिहायचा आहे, त्यात त्याचं मत त्याच्याच शब्दांत घालीन.