‘सही करू नका’ हा सल्ला माझ्या भाचीपर्यंत पोचलाय, म्हणून

माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सेलूला आलीय. नववा लागलाय. परवा शेंगा फोडता फोडता म्हणाली, "मावशी, दवाखान्यात काहीबी झालं तरी सिझरच्या कागदावर सही करू नका बरं. आत्याबाईंनी पाठवलंय." आत्याबाई म्हणजे तिची सासू. तिनं मोबाइल पुढं केला. आमच्या तिन्ही घरच्या ग्रुपवर फिरणारा तोच मेसेज: पूर्वी बाया शेतात बाळंत व्हायच्या, कुणी मरत नव्हतं. ‘ठोके कमी झाले’ म्हणून घाबरवतात, सही न करता दोन तास थांबा. गावातूनच कळांची सुई घेऊन निघा. पोटाला हात लावू देऊ नका. सिझर हा धंदा आहे. आणि शेवटी, कळा याव्यात म्हणून एरंडेल प्या.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण या लेकीच्या डोळ्यांतली भीती बघून गप्प बसणं जमेना.

‘कुणी मरत नव्हतं’ हे वाचलं आणि आजीचा गळा आठवला. मंगळसूत्राशेजारी तिच्या गळ्यात चांदीचा छोटा टाक होता, आजोबांच्या पहिल्या बायकोचा. ती बाळंतपणात गेली. वार पडलीच नाही. आजी दुसरेपणाची, म्हणून सवतीचा टाक तिनं जन्मभर घातला. आमच्या गल्लीत असे टाक मी आणखी दोघींच्या गळ्यात पाहिलेत. शेतात बाळंत होऊन वाचलेल्यांनी गोष्टी सांगितल्या. गेलेल्या कुठून सांगणार? महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. नमुना नोंदणी पाहणीचे हे आकडे आहेत.

आता ते ‘दोन तास’. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात. कळेत थोडे उतरून परत चढले तर ती एक गोष्ट. उतरून तिथंच राहिले तर बाळाला ऑक्सिजन पुरत नाही. कधी नाळ बाळाच्या आधी खाली येऊन डोक्याखाली दबते, कधी वार वेळेआधी सुटते, कधी आधीच्या सिझरची शिवण आतून उसवते. अशा वेळी हातात मिनिटं असतात, तास नाही. ज्यानं ‘दोन तास थांबा’ लिहिलं, त्यानं कुणाच्या तरी लेकराचा जीव आपल्या बोटावर घेतलाय.

आणि सही कुणाची? २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलंय. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी आणि अंडाशय बाहेर बसलेल्या आईच्या संमतीवर काढली होती. न्यायालयानं सांगितलं, सज्ञान बाईची संमती तिचीच हवी, काय करणार आणि का हे कळून दिलेली हवी, आणि एका गोष्टीची संमती दुसरीला चालत नाही. अपवाद एकच: जीव वाचवायला थांबायला वेळच नसेल तेव्हा. म्हणजे शुद्धीवर असलेल्या बाळंतिणीची सही नवऱ्यानं, सासूनं किंवा व्हॉट्सअ‍ॅपनं अडवायची नाही. भाचीला मी एवढंच पाठ करायला लावलंय: "कशामुळं? किती वेळ आहे हातात? थांबलं तर काय होईल? ठोके आत्ता किती आहेत?" चार प्रश्नांना अर्धं मिनिट लागतं. खरी घाई असेल तर डॉक्टर दोन वाक्यांत सांगतात. मग लगेच सही करायची.

कळांच्या सुईचं वाचून तर माझा हात थरथरला. ते ऑक्सिटोसिन. दवाखान्यात ते सलाईनमधून थेंब मोजत, ठोके बघत देतात. घरी दंडात एकदम टोचलं तर कधी कळ ओसरतच नाही, गर्भपिशवी आवळलेलीच राहते, आत बाळ गुदमरतं, कधी पिशवीच फाटते. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून गोठ्यात चोरून टोचतात ते हेच. बाळ बाहेर आल्यावर मात्र याचीच १० युनिटं आईला देतात, रक्तस्राव आवरावा म्हणून. औषध तेच, वेळ वेगळी.

पोटाला हात लावू देऊ नका, यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. बाळ बाहेर काढायला वरून पोट दाबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शनात सांगितलंय. तेव्हा "दाबू नका" म्हणायचा हक्क आहे. पण बाळंत झाल्यानंतरचा हात वेगळा. २०१६ साली माझ्या दुसऱ्या वेळी, बाळ झाल्यावर अर्ध्या तासात खालचा कपडा भिजला. सिस्टरला सांगितलं तर म्हणाली, "होतंच थोडं, पडून राहा." आई ऐकेना. तिनं भिजलेल्या दोन्ही घड्या उचलून थेट तिच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "हे थोडं आहे का, बाई? बघ." मग धावपळ झाली. एकीनं माझ्या बेंबीखाली मूठ रोवून पोट चोळलं, इतकं की मी किंचाळले. दोन सुया, सलाईन, रक्त. त्या हातानं मी वाचले. आणि आईच्या त्या दोन घड्यांनी.

म्हणून आत सोबत कुणीतरी हवंच. आपल्या मर्जीची सोबतीण असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं तेच मार्गदर्शन सांगतं आणि बाळंतपणाच्या खोल्या सुधारायचा सरकारी ‘लक्ष्य’ कार्यक्रमही. विचारून घ्या, अडवलं तर परत विचारा.

धंद्याचं म्हणाल, तर तक्रार खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची निघाली, सरकारीत १४.३. आणि बीडच्या ऊसतोड बायांच्या गरज नसताना काढलेल्या गर्भपिशव्यांचं २०१९ मध्ये बाहेर आलं, ते आपल्याच भागातलं. विश्वास उडाला तो उगाच नाही. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, गाडी सगळं मोफत आहे. तिथला डॉक्टर ठोके उतरले म्हणतो तेव्हा त्याला त्यातून कुठला धंदा?

एरंडेलानं जुलाब-उलट्या होतात, ऐन कळांत अंगातलं पाणी जातं. नको.

ग्रुपवर ज्यांनी त्या मेसेजखाली हात जोडले, त्यांना एक विनंती. भाचीचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे, तारीख पुढच्या महिन्याची. रात्री-अपरात्री फोन आला तर परभणीला रक्त द्यायला कोण कोण येईल, तेवढी नावं खाली लिहा. माझं पहिलं धरा.