सामाईक विहिरीतला सायडर

पुण्याच्या मित्राने होमब्रूइंगचं, म्हणजे घरच्या घरी बियर-सायडर करायचं किट कुरियरने पाठवलं तेव्हाच ते परत धाडायला हवं होतं. पण खोक्यात पाच लिटरची काचेची बरणी, तिच्या बुचावर लावायचा एअरलॉक, म्हणजे आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी, यीस्टचं पाकीट आणि रसात साखर किती ते दाखवणारी हायड्रोमीटर नावाची ती तरंगणारी नळी, हे सगळं बघून माणूस पाघळतो, मीही पाघळलो.

आधी बियर करणार होतो. तिला माल्ट लागतं, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आणि कडवटपणाला हॉप्सची फुलं. मालवणच्या बाजारात बार्ली मागितली तर दुकानदाराने आवाज खाली आणून "घरात कोणाक लघवीचो त्रास आसा?" असं विचारलं. हॉप्सचा विषय मी काढलाच नाही.

मग सायडर, म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू. सफरचंदाचा रस, यीस्ट, की झालं! पण पाच लिटर रसाला आठ-नऊ किलो सफरचंदं लागणार, आणि हिमाचलातून मालवणात पोचेपर्यंत त्या फळाचा तोरा आणि भाव दोन्ही वाढलेले असतात. इकडे एप्रिलमध्ये आमच्या काजूखाली बोंडवांचा सडा, बी पिळून काढली की बोंडवाला गुरांशिवाय कोणी विचारत नाही. इंग्रजीत त्याला कॅश्यू ॲपलच म्हणतात ना, मग ॲपल म्हणजे ॲपल.

बोंडू घसा धरतो हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. त्यावर उपाय म्हणजे रसात तांदळाची पेज ओतायची, पेजेतला स्टार्च त्या तुरट टॅनिनला धरून तळाशी बसतो, वरचा निवळ रस काढून घ्यायचा. आईने सकाळची पेज माझ्या बादलीत जाताना बघितली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बरणी उकळत्या पाण्याने धुतली, साखर घातली, हायड्रोमीटर १.०४८ दाखवतोय म्हटल्यावर मला आपण शास्त्रज्ञ असल्यासारखं वाटायला लागलं.

पुढे माहितीपत्रकात लिहिलेलं, तापमान १८ ते २२ अंश ठेवा. कुठे? एप्रिलच्या शेवटी मालवणात? माजघरात ३४! एवढ्या उष्णतेत यीस्ट पिसाळतं आणि सायडरला नेलपॉलिशचा वास येतो. फ्रिजमध्ये सुरमई आणि नातेवाइकांकडून आलेला फणस, तिथे बरणीला जागा मागायची माझी टाप नव्हती. घमेल्यात पाणी, बरणीला ओला पंचा, समोर टेबलफॅन असं करून बघितलं तर लाईट गेली, ती संध्याकाळी आली. दोन दिवसांत एक बुडबुडा नाही. त्याच ओट्यावर आईचं आंबोळीचं पीठ एका रात्रीत टोपाबाहेर आलेलं, ना यीस्ट ना थर्मामीटर. "तुझा अजून फुगूक नाय?" एवढंच ती म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली ना.

तेव्हा विहीर सुचली. थर्मामीटर सोडून बघितला तर २६, अठरा नाही पण मालवणात याला हिवाळाच म्हणायचं. बरणी दोरीने बांधून गळ्यापर्यंत पाण्यात सोडली. आता ही विहीर सामाईक, दोन रहाट, एक आमचा एक चुलत काकांचा, आणि गेल्या वर्षी गाळ उपसल्याचे त्यांच्या वाट्याचे पैसे अजून यायचेत, म्हणून बोलणं बंद. बरणी मी आमच्याच बाजूला बांधलेली, देवाशपथ! पण पाण्याला वाटण्या कळत नाहीत, ती रात्रीत सरकली पलीकडे.

सकाळी सहाला काकांची कळशी खाली गेली आणि टण् झालं.

वाकून बघतात तर पाण्यात पिवळट काहीतरी, डोक्यावर नळी, आणि नळीतून बुडुक बुडुक. काकूने तिथल्या तिथे नारळ बोलला. कोणीतरी करणी म्हणालं, कोणीतरी मोटर बसवली म्हणालं, साडेसहापर्यंत अख्खी वाडी कठड्याला. मी मात्र आनंदाने ओरडत होतो, अहो बुडबुडे आले, बुडबुडे आले, त्यामुळे करणीवाल्यांचं मत आणखीच पक्कं झालं.

"आमच्या बावीत ह्या काय सोडलंस?" काका वर्षभराने पहिल्यांदा बोलले.

मी समजावलं, यीस्ट साखर खातं, त्याची दारू होते आणि कार्बन डायऑक्साइड वर येतो. यातला एकच शब्द काकांनी उचलला. "१९४९चो दारूबंदी कायदो ठावक आसा? लायसन आसा?" तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस, कायदा त्यांना आरतीसारखा पाठ, आणि बोलणं खरंच होतं, आपल्याकडे असं घरी करायला परवाना लागतो. माझी वाचाच बसली. पण ते कोणाकडे गेले नाहीत. उलट रोज सकाळी पाणी भरताना बरणीकडे वाकून बघायचे, कळशी जपून सोडायचे.

बाराव्या दिवशी हायड्रोमीटर १.००४ वर, म्हणजे साखर उतरली आणि साधारण पावणेसहा टक्के अल्कोहोल झालं. सहा बाटल्या भरल्या, लिटरला सहा-सात ग्रॅम साखर फेसासाठी. आठवड्याने संध्याकाळी काका स्वतःचा पेला घेऊन आले. मी ओतलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, घसा साफ केला, पुन्हा साफ केला. पेज कमी पडलेली.

"बाव सामाईक?" म्हणाले.

"हो."

"थंड बावीन केल्यान?"

"हो, काका."

"मगे अर्धा माझा."

तीन बाटल्या काखोटीला मारून गेले. गाळाच्या पैशांचं विचारलं तर बरणीच्या तळाकडे बोट दाखवून म्हणाले, "तो ठेव तुका."